दानूने न उचललेला हातोडा

मित्रांनो, हातोडा म्हटलं की तुम्हाला खिळा आठवेल. मला घेऊन खिळा ठोकायला जाल तर मीच फुटेन. मी खेळण्यातला हातोडा आहे, आता बराच जुना झालेला. लाल डोकं, पिवळा दांडा. डोक्याला भात्यासारख्या घड्या आहेत, म्हणून कुठेही आपटलं की ‘प्यॉक’ वाजतं. कोरियात मी घरोघरी असतो. दोघांनी ‘कावी, बावी, बो’ म्हणत हात पुढे करायचे. कात्री, दगड नाहीतर कागद. जिंकेल त्याने हरलेल्याच्या डोक्यात मला हाणायचं. लागत कुणालाच नाही, हसू मात्र दोघांनाही येतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. गरम प्लॅस्टिकचा वास तेवढा आठवतो. माझं खरं आयुष्य सुरू झालं देजॉन शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये. मुलं पाच-सहा वर्षांची. मला विकत आणलं कॅलम टीचरनी. ते न्यूझीलंडचे. फळ्यावर चित्रं लावायची, टीचरनी इंग्रजी शब्द म्हणायचा आणि मुलाने पळत येऊन बरोबर चित्रावर मला आपटायचं. शेवटी कावी-बावी-बो. टीचर मुद्दाम हरायचे आणि डोकं पुढे करायचे. काय ते दिवस होते. मी दमून जायचो वाजून वाजून.

पण त्या क्लासची एक रीत होती. क्लासच्या मालकीण प्योबाई यांनी पहिल्याच दिवशी टीचरना बजावलं होतं, की तुम्हाला कोरियन येतं हे मुलांना कळता कामा नये. कळलं तर ती इंग्रजी बोलतील कशाला आणि आया त्यांना पाठवतील कशाला? टीचरना तर चांगलं कोरियन येत होतं, खाली किंबाप म्हणजे भाताच्या गुंडाळ्या विकणाऱ्या काकूंशी गप्पा मारून मारून शिकले होते. पण नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की देश सोडायचा. ते कबूल झाले.

मग काय, मुलांना रान मोकळं. सोयुल नावाची एक तिखट पोरगी होती. ती एकदा टीचरच्या तोंडावरच म्हणाली, “नाकातले केस बघ यांचे. झाडू होईल.”

शेजारचा घाबरला. ती म्हणाली, “अरे, यांना काय कळतंय?”

सगळे खिदळले. टीचरचा हात मात्र चुकून नाकाकडे गेला.

ते एकट्या दानूने पाहिलं.

दानू म्हणजे गप्प पोरगा. क्लासने सगळ्यांना इंग्रजी नावं दिली होती, दानूचं ऑस्कर. तो त्या नावाला ओ देत नसे. इंग्रजीत एक अख्खं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण त्या दिवसापासून तो टीचरच्या जवळ बसायला लागला. गुपित त्याने कुणाला सांगितलं नाही. मला हातात घेतलं की टीचरकडे बघून नुसता हसायचा.

आणि मग आला आयांना वर्ग दाखवायचा दिवस. काचेपलीकडे खुर्च्या मांडलेल्या. दानूची आई औषधाच्या दुकानातून रजा काढून आली होती. प्योबाई नवा कोट घालून दारात उभ्या.

दानूची पाळी आली. त्याने मला उचललं. हात थंड आणि घामेजलेला. तो फळ्याकडे गेलाच नाही. टीचरची बाही ओढून हळूच कोरियनमध्ये म्हणाला, “टीचर, पोटात खूप दुखतंय.”

टीचरनी प्योबाईंकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, “सॉरी ऑस्कर, आय डोन्ट अंडरस्टँड.”

“तुम्हाला कळतं,” दानू म्हणाला. “मी कुणाला सांगितलं नाहीये.”

मित्रांनो, मला तेव्हा वाचा हवी होती. मला फक्त ‘प्यॉक’ येतं, तेही दुसऱ्याने आपटल्यावर.

टीचर पुन्हा तेच म्हणाले. ‘फ्रॉग’ म्हणून त्याला फळ्याकडे वळवलं. दानूने बेडकावर मला आपटलं. अगदी बरोबर. काचेपलीकडे टाळ्या पडल्या. माझ्या वाट्याचं ते शेवटचं कौतुक.

घरी आईने विचारलं, गप्प का रे? तो काहीच बोलला नाही. ज्याला कळतं त्यालाच कळत नसेल, तर सांगून काय उपयोग, असं वाटलं असेल त्याला. संध्याकाळी तो जमिनीवर मुटकुळं करून पडला. अपेंडिक्स फुटलं होतं.

ऑपरेशन झालं. वाचला. पण शुद्धीवर आल्यापासून आईशीसुद्धा एक शब्द नाही. टीचर मला पिशवीत घालून दवाखान्यात गेले. प्योबाईही ज्यूसचा खोका घेऊन आल्या होत्या. टीचर खाटेजवळ गुडघ्यांवर बसले आणि सगळ्यांसमोर स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाले, “दानू, मला कळलं होतं. तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच कळलं होतं.”

प्योबाई खोका तसाच धरून उभ्या राहिल्या. आईने एवढंच विचारलं, “कळलं होतं?”

टीचरनी मान हलवली. माझा दांडा दानूच्या मुठीत दिला आणि डोकं पुढे केलं. “हाण.”

दानूने मूठ उघडली. मी फरशीवर आडवा पडलो. वाजलोसुद्धा नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि आयुष्यातलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य बोलला.

“सॉरी टीचर, आय डोन्ट अंडरस्टँड.”

टीचर त्याच आठवड्यात देश सोडून गेले. मला आईने उचलून घरी आणलं. आता मी दानूच्या खिडकीत असतो. तो रोज माझ्यासमोर बसतो, पण हात लावत नाही. माझ्या घड्यांना चिरा गेल्यात. उद्या उचललं तरी आवाज निघेल का, मलाच ठाऊक नाही.

माझ्यावरची धूळ पुसू नका, मित्रांनो, चालेल. पण कुणी बाही ओढून हळूच काही सांगितलं आणि तुम्हाला ते कळलं, तर कळलं म्हणा. काचेपलीकडे कुणी का बसलेलं असेना. तेव्हाच म्हणा. नंतर कितीही डोकं पुढे केलं, तरी हातोडा कुणी उचलत नाही.