वीस मिनिटं पुढे

संगणकाच्या पडद्यावरचे ठिपके पुन्हा विखुरले, तेव्हा पीएचडीचा प्रबंध करणाऱ्या जागृतीनं डोळे पुसले. शेजारी दगडाचे नमुने झटकत उभ्या असलेल्या धुडकूनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. सुरतेच्या कॉलेजात अकरा वर्षं हंगामी शिपाई म्हणून काढलेल्या माणसाला एवढं जमतंच.

लाव्हा थंड होताना त्या काळची उत्तर दिशा दगडात कायमची राहते. राजपिपळ्याच्या डोंगरातले ते दगड धुडकूनंच फोडून आणले होते. तिथले दगड होकायंत्राची सुई ओढतात, म्हणून तो काठीची सावली कोणत्या बाजूला पडते ते मोजायचा आणि घड्याळ पाहून वेळ लिहायचा. त्यावरून संगणक प्रत्येक दगडातली उत्तर दिशा काढून पडद्यावर एक ठिपका मांडायचा. एकाच थराच्या दगडांचे ठिपके एका जागी जमायला हवे होते. जमत नव्हते.

"वेळेच्या नोंदी चोख आहेत," विभागाचे हेडसाहेब जागृतीला म्हणाले. "धुडकू घड्याळ पाहून लिहितो. तुमचा प्रोग्रामच चुकलाय. उद्यापर्यंत बघा, नाहीतर हा विषय सोडा."

धुडकूनं मनगटाकडे पाहिलं आणि त्याला आठवलं. कामाला लागला त्या महिन्यात एकदा उशीर झाला, म्हणून साहेबांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. त्या दिवसापासून घड्याळ वीस मिनिटं पुढे. पुढे ठेवलंय हेच तो विसरून गेला होता. त्याला कायम करण्याची फाइल आता कुठे साहेबांच्या टेबलावर आली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तोही त्यानंच फोडून आणलेला.

साहेब गेल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमचं गणित बरोबर आहे. मन्हं घड्याळ वीस मिन्टं पुढे शे."

जागृतीनं प्रत्येक वेळेतून वीस मिनिटं वजा केली. सकाळचे ठिपके जेमतेम हलले, दुपारचे चांगलेच सरकले आणि सगळे एका जागी येऊन बसले. ती हसली. धुडकूलाही बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं.

वेळा का बदलल्या, ते जागृतीला साहेबांना मात्र सांगावंच लागलं. ज्याला साधी वेळ लिहिता येत नाही त्याला कायम कसला करायचा, असं म्हणून त्यांनी फाइल परत पाठवली आणि पहिल्या तारखेपासून येऊ नको म्हणाले. जागृती खाली मान घालून उभी राहिली. तिच्या प्रबंधावर साहेबांची सही व्हायची होती.

प्रबंधात तळटीप आली: वेळेची दुरुस्ती, उणे वीस मिनिटं. कोणाच्या वेळेची, ते लिहिलं नव्हतं.

दोन तारखेला लिंबायतच्या वस्तीतल्या खोलीत पुष्पाबाईंनी नेहमीसारखा नवऱ्यापुढे डबा ठेवला. त्यांना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

"निंघा आते," त्या म्हणाल्या. "उशीर हुई जाई."

धुडकूनं घड्याळ बांधलं, डबा घेतला आणि स्टॉपवर जाऊन उभा राहिला. बस यायला अजून वीस मिनिटं होती. ती आली, थांबली आणि गेली. धुडकू डबा धरून तिथंच उभा होता.