रोशाचं बेट

वडील गेल्यावर आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की एक कळशी रोशा गवताच्या बेटातही ओतू लागली. तेवढ्यासाठी तरी ती उठते, म्हणून मी तिला ओतू दिलं.

हे गवत वडिलांनी त्र्याण्णव साली अमळनेरकडच्या आमच्या शिवारातून, माळाच्या उतारावरून, ओल्या गोणपाटात बांधून यंत्रमागांच्या वस्तीत, बमरोलीला आणलं. लूमची पाळी करून येणारा माणूस दारापुढच्या चार हात जागेत गवत लावतो, म्हणून गल्ली हसली. पहिल्या उन्हाळ्यानंतर त्यांनी त्याला पाणी घातलं नाही. मे महिन्यात शेजारचे मोगरे करपायचे. रोशा कमरेएवढा उभा असायचा, आणि पातं चुरगळलं की बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जायचा नाही. मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं कमी मागून इतकं ताठ जगणारं फारसं काही वाचनात आलं नाही.

महिन्याभरात बेटाचा मधला भाग काळा पडला. पातं ओढलं तर बुडातून सुटून हातात आलं. हे असंच चाललं असतं तर वडिलांच्या हातचं एवढंच उरलेलं आठवड्यात संपलं असतं. मी लोटूकाकांना बोलावलं. ते वडिलांचे पाळीतले जोडीदार, त्यांना नावाने शालिग्राम म्हणणारे. त्यांनी बुडाशी बोट घालून पाहिलं.

"वहिनी, हाई काय भातनं वावर शे का? शालिग्रामनी इतला वरीस कोरडं ठेवं, तुम्ही महिनामा बुडाई टाकं."

 आई म्हणाली, "मंग सकायमा मी काय करू?"

 काकांनी कुदळ मागितली. बेट उपटून कुजलेला गाभा फेकला. कडेचे चार फुटवे जिवंत निघाले. त्यांची पाती मी विळ्याने वीतभर ठेवून छाटली. मुरूम घालून उंचवटा केला आणि फुटवे त्यात लावले. काकांनी एकदाच पाणी दिलं, आणि पंधरा दिवस थेंबही नको, असं आईला बजावलं.

पहिले काही दिवस आई तुळशीपाशी रिकामी कळशी घेऊन थबकायची, मग आत यायची. बाराव्या दिवशी मला जाग आली तेव्हा ती घरात नव्हती. बाहेर उंचवट्यापाशी उकिडवी बसली होती. तीन फुटव्यांना कोंब आले होते, चौथा वाळला होता. त्यांच्यामधली हरळी ती नखाने मुळासकट काढत होती.

"हाई रोज काढनी पडी," ती मान वर न करता म्हणाली.