आतली ओल

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाच्या प्याल्यांचं ताट आमच्या ओळीत आलं. नवऱ्यानं एक प्याला उचलला, मी उचलला आणि ताट आईंकडे सरकवलं. आईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर पाहिलं आणि तसंच पलीकडच्या बाईंना देऊन टाकलं. भाकरीच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं, पण तेव्हा मला वाटलं, दाढ दुखत असेल.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. प्रभुभोजन चुकवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. अंगात ताप असताना शाल गुंडाळून आलेल्या आहेत. पाळक दर वेळी सांगतात, आधी आपलं मन तपासा, कुणाशी वाईट वागला असाल तर ते निस्तरा, मग हात पुढे करा. आमच्यासारखी माणसं मनातल्या मनात घाईघाईनं माफी मागून मोकळी होतात. आईंना तेवढाही वेळ लागत नसे. खरं सांगायचं तर, आपलं काही चुकतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

कामापुरतं ते खरंही होतं. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं आणि कपडे वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करतात, त्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. आपल्या हातचा एकही गठ्ठा कधी परत आला नाही, हे त्या पाहुणा टेकायच्या आत सांगत.

घरी आल्यावर भांडी विसळता विसळता त्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या इस्पितळातल्या परिचारिका त्यांचं खातं बघायला आल्या होत्या. मेट्रननं इतकं कौतुक केलं, की आईंना पाहुण्यांसमोरच यंत्राचं दार उघडायची हौस आली. गठ्ठ्यांवर एक चिकटपट्टी असते. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. त्या झाल्या होत्या. पण त्यानंतर गठ्ठे आतच वीस मिनिटं सुकू द्यायचे असतात. आईंनी दहाव्या मिनिटाला दार उघडलं. बाहेरून गठ्ठे खडखडीत. दुपारी शस्त्रक्रियेच्या खोलीत पहिला सोडला, तर आतलं कापड दमट. दमट कापडातून जंतू शिरतात, म्हणून सगळे गठ्ठे परत आले आणि तयार करून आणलेल्या रोग्याला पुन्हा खाटेवर न्यावं लागलं. यंत्रावर कोण होतं, असं मेट्रननं विचारलं आणि आईंच्या तोंडून निघून गेलं, धाकटी.

खात्यातली ही धाकटी नावालाच धाकटी. दोन मुलांची आई, सात वर्षं आईंच्या हाताखाली तयार झालेली. तिनं आईंकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला यंत्रावरून काढून इस्पितळाचे कपडे धुतात तिथे, धुलाईत पाठवलं.

"काही बोलली असती, तर मला भांडता तरी आलं असतं," आई म्हणाल्या.

मी म्हटलं, चार महिन्यांनी निवृत्त होताय, देवाची माफी मागा आणि सोडा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं.

"देवाला कुठे खोटं सांगितलं मी? मेट्रनला सांगितलंय."

सोमवारी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. वाटेत पाय मागे फिरले तर धरायला कुणीतरी हवं होतं. मी दाराशी उभी राहिले. मेट्रननंही माझीच री ओढली. प्रकरण मिटलंय, निरोपाच्या समारंभाची तयारी चाललीय, आता कशाला उकरून काढता?

"त्या दिवशी यंत्रावर मी होते," आई म्हणाल्या. "दार मी उघडलं. पट्टी काळी होती, वरून सगळं कोरडं होतं आणि आत ओल होती. वहीतलं तिचं नाव खोडा, माझं लिहा. आणि तिला परत बोलवा."

हे सांगताना त्यांची मान ताठ होती. ही माझी सासू, असं व्हरांड्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं मला वाटलं.

मग धुलाईत जाऊन त्यांनी सगळ्या बायकांसमोर धाकटीची माफी मागितली. धाकटीनं हातातली चादर खाली ठेवली नाही.

"मावशी, तुमच्याकडून शिकलेलं सगळंच खोटं होतं की काय, असं वाटायला लागलं होतं मला," ती म्हणाली. "माफ केलं असं अजून म्हणवत नाही. पण आलात, बरं केलंत."

मेट्रननं अदलाबदल केली. धाकटी यंत्रावर, आई धुलाईत. समारंभ रद्द झाला. आईंनी त्याचं नावही काढलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मन तपासायची वेळ आली, तेव्हा आईंनी डोळे मिटले ते उघडेचनात. मी ताट धरून राहिले. मागच्या ओळीतून खाकरणं सुरू झालं. खाकरू दे, म्हटलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि भाकरी घेतली, मग प्यालाही घेतला.

परवा त्या डबा विसरून गेल्या, म्हणून मी तो घेऊन धुलाईत गेले. तेवढ्यात धाकटी एक मोठं कापड घेऊन आली.

"मावशी, याची घडी चुकलीय."

बाकीच्या बायकांचे हात थांबले. आईंनी कापड उलटसुलट करून पाहिलं.

"हो, माझीच चूक," त्या म्हणाल्या आणि कापड झटकून उलगडलं. धाकटी जायला वळली होती. ती थांबली आणि तिनं कापडाची दुसरी दोन टोकं धरली.