मेहुण्याचं ऑफिस

एकनाथच्या मस्कतजवळच्या माबेल्यातल्या हॉलमध्ये मेहुणा येऊन पडला, त्याला महिना होत आला होता. मेहुणा कसला, मुक्कामी टोळधाडच. पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा हा स्वरूप. ‘आई आजारी आहे, घरूनच काम करतो’ असं साहेबाला सांगून गडी व्हिजिट व्हिसावर मस्कतला उतरला. दिवसा सोफ्यावर लॅपटॉप, संध्याकाळी मत्रहच्या बंदरावर फोटो. त्याची मीटिंग चालू असली की घरातल्या कुकरलाही शिट्टीची बंदी. एकनाथ गच्च्यांवर एसी दुरुस्त करायचा. ऊन असं, की पान्हा धरला तर त्याचा नंबर तळव्यावर उमटावा. आणि घरी येऊन स्वतःच्याच हॉलमधून चोरपावलांनी जायचं. बायकोला, किशोरीला, बोललं की ती म्हणायची, मला एकच भाऊ आहे. दोन असते तर मी मेलोच असतो, असं एकनाथ एकदा म्हणाला, आणि त्या रात्री आमटीत मीठ पडलं नाही.

शुक्रवार ही तिकडची सुट्टी. कुडाळकडची मंडळी दर शुक्रवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी भजनाला बसत. एकनाथची पाळी आली, तर पाहुणा म्हणाला, माझी मीटिंग आहे, भजन रद्द करा.

“शुक्रवारी हो हॉल देवाचो. उठ थंयसून.”

“भावोजी, देवाला वायफाय लागत नाही. मला लागतं.”

तो उठला नाही. एकनाथने त्याच्या पाठीमागेच सतरंजी अंथरली. पखवाज असा घुमला, की चार गावांपलीकडचे उंट बसल्या जागी माना डोलवू लागले. तिकडे साहेबाला पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतले पुरुष दिसले, अभंग ऐकू आला. त्याने दबक्या आवाजात विचारलं, “आई गेल्या का?”

स्वरूपच्या डोळ्यांपुढे सुतकाची भरपगारी सुट्टी नाचली. त्याने मान खाली घालून होकार दिला. एकनाथच्या सख्ख्या सासूला त्याच्याच भजनात मारलं! एकनाथने झांज तेवढी जोरात वाजवली.

संध्याकाळी ऑफिसची माणसं पुण्याच्या घरी हार घेऊन गेली. दार उघडलं ते स्वरूपच्या आईने, शीलाताईंनीच, धडधाकट. हार बघून म्हणाल्या, सत्कार कुणाचा? दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. नोकरी खलास.

एकनाथने मनातल्या मनात पेढे वाटले आणि मेहुण्याची बॅग भरून दारात आणून ठेवली.

स्वरूपने लॅपटॉप मिटून पाय लांब केले. “आता कसली घाई, भावोजी? पुण्यात ना ऑफिस, ना आईला दाखवायला तोंड. व्हिसा वाढतो, मी चौकशी केलीय.”

“तुमच्याच भजनाने त्याची नोकरी खाल्ली,” किशोरी म्हणाली. तिने बॅग उचलली, आत नेली आणि कपाटात रिकामी केली, एकनाथच्या कपड्यांच्या जागी.