पाखऱ्याने ऐकलेली इंग्रजी

२०१८ सालची म्हसा गावची गुरांची जत्रा. भागीरथीने पाखऱ्या बैल विकायला काढला तो काळजावर दगड ठेवून. त्याच्या जोडीचा बैल गेला, तिचे गुडघे गेले, शेती होईना. हट्ट एकच होता, पाखऱ्या नांगर धरणाऱ्या घरी जावा, दलालाच्या टेम्पोत नको.

म्हशाला भाव रुमालाखाली व्हायचा. वर माणसं मुकी, खाली बोटं बोलायची. बाईने तिथे हात घालायची रीत नव्हती, म्हणून तिने भाच्याला, दिपेशला, सोबत नेलं.

दिपेश तेव्हा मुरबाडच्या एका क्लासात ‘ॲडव्हान्स्ड’ इंग्रजी शब्द शिकत होता. सकाळी पाठ केलेला शब्द दिवस मावळायच्या आत वापरायचाच, असा तिथल्या सरांचा दंडक. त्यापायी घरची सुकटीची आमटी ‘डिलेक्टेबल’ झाली होती, धसईच्या एसटीचा कंडक्टर ‘मॅग्नॅनिमस’. साधा पत्ता मात्र इंग्रजीत सांगताना दिपेशला अजून घाम फुटायचा.

उंबरमाळीकडचा कोंडू शेतकरी आला. त्याने पाखऱ्याचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. रुमाल पडला. दिपेशचा हात खाली गेला आणि तोंड सुटलं.

“मॅग्निफिसंट! इम्पेकेबल! इनडिफॅटिगेबल!”

कोंडूने हात काढून घेतला. “बाय, बैलात खोट काय हाय? खोट असल्याबिगर येवडं कोन बोलतं?”

“खोट बैलात नाय रे, भाच्यात हाय!”

“आत्या, मी ॲप्रिसिएट करतोय!”

“कर. पन तोंड मिटून कर.”

कोंडू निघाला. मागे दलाल उभाच होता. दिपेशचे शब्द उरले होते, ते त्याने पाखऱ्याच्या कानाशीच संपवायला घेतले. माणसं जमली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, शेजारचा खोंड दावं तोडून पळाला. पाखऱ्या डोळे मिटून रवंथ करत राहिला.

कोंडू परत फिरला. “आमचा म्हातारा नांगरामागं दिसभर बडबडतो. आदीचा बैल त्यालाच कंटाळून पळाला. ह्यो टिकंल. टाक रुमाल. पन हात बायचा, ह्याचा नको.”

भागीरथीने पदर खोचला आणि रुमालाखाली हात घातला.

पुढे क्लासचे सर जमिनीच्या दलालीत शिरले. ही दलाली मात्र ते अस्सल मराठीत करतात. दिपेशने शहापुरात स्वतःचा क्लास काढला. इंग्रजीच्या जोरावर आपण बैल कसा विकला, हे तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. कोंडूचा म्हातारा वारला. शांततेत पाखऱ्या पाऊल उचलेना, म्हणून कोंडूने बांधावर रेडिओ टांगला. आणि भागीरथी? गावातल्या बाया बैल विकायला आता तिलाच म्हशाला नेतात. तिथे ती एक शब्द बोलत नाही.