शिव्यांचा धनी

सव्वीस वर्षं लोकांनी तिकीट काढून त्याला शिव्या घातल्या आणि सव्वीस वर्षं त्याला शांत झोप लागली.

कुस्तीच्या खेळात त्याचं नाव विंचू. काळी चड्डी, काळे बूट, पाठीवर वळलेली नांगी रंगवलेला काळा अंगरखा, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्याचं मांजर मारून नुकताच आलाय. पंचाची पाठ वळली की हा डोळ्यांत बोटं घालायचा. कुणी हात मिळवायला पुढे आला की त्याच्या पायावर पाय द्यायचा. हरायला लागला की गुडघ्यांवर बसून गयावया करायचा, आणि समोरचा विरघळला रे विरघळला की त्याच्या पोटात डोकं घालायचा. एका बाईंनी एकदा कठड्यावरून वाकून त्याच्या डोक्यात छत्री घातली होती. ती मोडकी छत्री त्याने घरी आणून दाराशी अडकवली. बाकीच्यांच्या घरी ढाली आणि चषक असतात; याच्या घरी छत्री होती, आणि कुणीतरी फेकलेला डाव्या पायाचा एक बूट.

या खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि अर्ध्याअधिक प्रेक्षकांनाही. पण पडणं मात्र खोटं पडता येत नाही. शंभर किलोचा गडी डोक्यावरून खाली येतो तेव्हा त्याची मान शाबूत ठेवायचं काम दुष्टाचं असतं. नायकाने देखणं दिसायचं, लढत चालवायची दुष्टाने. आणि ती चालवायची मनगटातून. मिठी पडली की बोटांनी समोरच्याचं मनगट दाबायचं. एकदा दाबलं म्हणजे ‘दुखतंय, थांब’. दोनदा दाबलं म्हणजे ‘ठीक आहे, चालू दे’. सव्वीस वर्षांत विंचवाच्या हातून एकाचंही हाड मोडलं नव्हतं. त्याला याचा छत्रीपेक्षाही जास्त अभिमान होता, फक्त तो मिरवायची सोय नव्हती.

कारण विंचवाने बाहेर चांगलं दिसायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की तो गुरगुरायचा. बायको आणि लेक यांच्यासोबत तो कधी चालला नाही. त्या पुढे, हा वीस पावलं मागे. लेकीच्या शाळेत आईच जायची. बागेत हा लांबच्या बाकावर पेपर उघडून बसायचा आणि पेपराच्या वरून तिचा झोका बघायचा. दार लागलं की मात्र हाच बाबा तिची नखं कापायचा, वेणी घालायचा, गणितं तपासायचा आणि गादीवर तिला मनगटाची खूण आणि खेळातली थप्पड शिकवायचा. पंजा मोकळा ठेवायचा, गालावर नाही, मानेच्या खाली खांद्याच्या मांसावर मारायची. आवाज छतापर्यंत जातो आणि मुंगीही मरत नाही. सात वर्षांची असताना तिचा हात मोडला. डॉक्टर हाड बसवत होते तेव्हा त्याने तिला आपलं मनगट धरायला दिलं होतं. तिने आधी एकदा दाबलं, डोळे मिटले, मग दोनदा दाबलं. त्या दिवशी दवाखान्याच्या मोरीत जाऊन विंचू रडला होता. तेवढं एक गुपित त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता तो बावन्न वर्षांचा झाला होता आणि रविवारी दुपारी त्याची शेवटची लढत होती. निवृत्त होणाऱ्याने नव्या गड्याकडून पाठ टेकवून जायचं, हा या धंद्याचा रिवाज. नव्याला म्हाताऱ्याचा पराभव हीच पहिली कमाई. नवा गडी होता वादळ. पाटीवर वादळ, एरवी कालपरवापर्यंत इलेक्ट्रिशियनचं काम करणारा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने इतका गरीब की दार उघडायच्या आधी दाराचीही परवानगी घेईल.

पण एक घोळ झाला होता. प्रेक्षक विंचवावर प्रेम करायला लागले होते. निवृत्ती जाहीर झाल्यापासून, गेले तीन महिने, तो आला की शिट्ट्या, टाळ्या, उभं राहून मानवंदना. बायका त्याच्याकडे बघून ‘गोड आहे हो’ म्हणायच्या. खेळाचे मालक खूश होते. विंचू मात्र त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेला.

“लोकांच्या लाडक्या म्हाताऱ्याला वादळाने आपटलं, तर लोक वादळाला फाडून खातील,” तो मालकांना म्हणाला. “पोरगा पहिल्याच दिवशी संपेल. मला जाताना कुणी हसून निरोप देता कामा नये.”

“अरे, सव्वीस वर्षं राबलास, चार टाळ्या घे की!” मालक म्हणाले.

त्यातच लेकीने मालकांना परस्पर भेटून माइकवर दोन मिनिटं मागून घेतली. ती आता स्वतः शाळेत शिकवत होती.

“बाबा, मी कधी कुणाला सांगू शकले नाही की हा माझा बाप आहे,” ती जेवताना म्हणाली. “मुली म्हणायच्या, विंचू बायकोला मारत असेल. मी खाली मान घालून ऐकायचे. रविवारी मी सांगणार, तुम्ही कसे आहात ते.”

“अगं, पण ती लढत...”

“मला नाही म्हणू नका.”

बायकोने त्याच्या ताटात वाढता वाढता टोमणा मारला, “अहो, हो म्हणा. तुम्हाला शिव्याच गोड लागतात, ठाऊक आहे आम्हाला.”

भरल्या सभागृहाला डोळे वटारून गप्प करणाऱ्या माणसाला एका लेकीला नाही म्हणता येईना. तो हो म्हणाला, आणि तिथेच चुकला.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. विंचू रिंगणात आला तर सगळे उभे. त्याने पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाची टोपी काढून भिरकावली, गृहस्थ आनंदाने हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “बघितलंस? माझी टोपी!” विंचवाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. कोपऱ्यात वादळ उभा होता, निळ्या चड्डीत, चेहरा उतरलेला. आपल्याला कुणीही बघत नाही हे त्याला कळलं होतं.

मग फुलांचा गुच्छ घेऊन लेक दोर वाकवून आत आली आणि बोलायला लागली. नखं, वेणी, गणितं, सगळं. झोक्याकडे पेपराच्या वरून बघणारा बाप. ती लांबच्या बाकाबद्दल बोलली आणि सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. विंचवाला ते ऐकून फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? त्यालाही ते हवं होतं. सव्वीस वर्षं हवं होतं. अजून एक मिनिट तो नुसता उभा राहिला असता, तर त्या सभागृहाने त्याला खांद्यावर घेऊन घरी पोचवलं असतं.

त्याने वादळाकडे पाहिलं. गडी स्वतःच्या बुटांकडे बघत होता. या पोराने हातातलं काम सोडलं होतं, आणि आज हे सभागृह त्याच्या नावाने खडे फोडणार होतं.

विंचू पुढे झाला. त्याने लेकीचं मनगट असं धरलं की पहिली रांग दचकली. धरलं आणि दाबलं. दोनदा. मग तिच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

“पुरे!” तो गरजला. “मेलोय का मी, माझ्या नावाने रडायला? तुझी नखं कापली ती ओरबाडायचीस म्हणून. आणि बागेत लांब बसायचो ते तुझी लाज वाटायची म्हणून!”

गुच्छ खाली टाकून त्याने त्यावर काळा बूट ठेवला आणि टाच फिरवली.

सभागृह गार पडलं. शेवटचं वाक्य बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच लागलं. लेक पांढरी पडून आपल्या मनगटाकडे बघत होती. कळलं असेल का तिला? वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उभ्या आयुष्यात विंचू कधी रिंगणात घाबरला नव्हता, आता घाबरला.

तिने मान वर केली. हात मागे नेला आणि थप्पड मारली. पंजा मोकळा, मानेच्या खाली, खांद्याच्या मांसावर. आवाज छतापर्यंत गेला. मग ती वळली, वादळाकडे बोट केलं आणि माइकशिवाय ओरडली, “पाड याला! माझ्यासाठी पाड!”

आणि सभागृह फुटलं. टोपीवाले गृहस्थ खुर्चीवर चढून शिव्या देत होते. ‘गोड आहे हो’ म्हणणाऱ्या बाईंनी पाण्याची बाटली फेकली. शिव्याही अशा की विंचवाने आयुष्यात ऐकल्या नव्हत्या, आणि त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. वादळाने मान ताठ केली. पुढची अठरा मिनिटं विंचवाने जिवाची बाजी लावून लबाडी केली, चावला, केस ओढले, दयेची भीक मागितली आणि मिठी पडली की पोराच्या कानात सांगत राहिला: आता उचल, आता थांब, त्यांच्याकडे बघ. शेवटी वादळाने त्याला उचलून आपटलं, अलगद आणि अचूक, विंचवाने शिकवलं होतं तसं. पंचाने तीन आकडे मोजले. अख्खं सभागृह वादळाच्या नावाने नाचत होतं. विंचू पाठीवर पडून वरचे दिवे बघत होता. काम चोख झालं होतं.

तो मागच्या दाराने बाहेर पडला तर लेक बसच्या थांब्यावर बसलेली. एक अनोळखी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

“काय बाप मिळाला गं तुला!” बाई म्हणाल्या.

“हो ना, मावशी,” लेक म्हणाली.

बाईंनी विंचवाकडे बघून तोंड फिरवलं. बस आली. लेक सगळ्यात मागच्या बाकावर खिडकीशी बसली. विंचू सवयीने लांब, पुढेच उभा राहिला, मग मनाचा हिय्या करून मागे गेला आणि तिच्या शेजारी बसला. ती बाहेरच बघत राहिली. त्याला म्हणायचं होतं की शेवटचं वाक्य खोटं होतं, लाजेचं. 

तीन थांबे गेले. मग पिशवीच्या आडून तिचा हात आला आणि तिने त्याचं मनगट धरलं.

एकदा दाबलं.

विंचवाने श्वास रोखला. तिने हात काढला नव्हता, पण दुसऱ्यांदा दाबतही नव्हती. चौथा थांबा आला. दोन माणसं उतरली, दार लागलं, बस निघाली. तो हलला नाही.

बस वळणावर आली तेव्हा तिने दोनदा दाबलं.