दारावरच्या स्पीकरचा संशय

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना आणि संशयी स्पीकर आहे. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये, मिग्दालियाच्या रेकॉर्डच्या दुकानाच्या दारावर मी टांगलेला असतो. तिचे वडील पोर्तो रिकोहून आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्या ठोकून माझी पेटी बनवली. आत वाजणारे गाणे मी रस्त्याला ऐकवतो. माझ्या तालावर बायका भाजीच्या पिशव्यांसकट नाचल्या आहेत. वडिलांच्या आवडीची एक रेकॉर्ड मिग्दालिया दुकान उघडताना रोज लावते.

पण उंचावर राहणाऱ्याला सगळे दिसते आणि मग संशयही येतो. समोर नवी काचेची इमारत झाली आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. "आणखी एक तक्रार आली, तर हा खाली उतरवावा लागेल," असे पालिकेचा माणूस बजावून गेला. त्यानंतर एक म्हातारा रोज सकाळी समोर येऊन उभा राहू लागला. मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा, "च्च" करायचा आणि निघून जायचा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बर्फाचे गोळे विकणाऱ्या चागोने आगीत तेल ओतले. "मिग्दालिया, आला बघ तुझा तक्रारखोर! दुकानात पाऊल नाही, नुसता कान लावून उभा."

"येऊ दे की आत. झाडूच घेते हातात," ती म्हणाली. पण तिने माझा आवाज कमी केला. मला फार वाईट वाटले.

एके दिवशी म्हातारा गोंदाची बाटली घेऊन थेट आत आला. मिग्दालियाने खरेच झाडू उचलला.

"आवाज का कमी केलास, पोरी?"

"तुम्हीच तक्रार केलीत ना, काका?"

"तक्रार आहेच माझी! पण तुझ्यापाशी. त्या स्पीकरचा आतला कागदी पडदा फाटलाय. सकाळच्या तुझ्या रेकॉर्डवर बाँगो मी वाजवलाय, मी, एलिसेओनं! आणि ऐकू काय येतंय? डब्यातले वाटाणे!"

मिग्दालियाने रेकॉर्डचे कव्हर उलटसुलट पाहिले. "यावर तुमचं नाव नाही."

"म्हणून तर आत येत नव्हतो. कोण विश्वास ठेवणार?"

"मी तरी का ठेवू?" असे म्हणत तिने भिंतीवरची बाँगोची जोडी त्याच्यापुढे ठेवली आणि रेकॉर्ड लावली.

म्हातारा रेकॉर्डबरोबर वाजवू लागला. त्या गाण्याच्या मध्यावर एक थाप मुद्दाम गाळलेली आहे. दुकानात येणारे सगळे हौशी वादक तिथे हटकून थाप मारतात. एलिसेओचे हात मात्र तिथे हवेतच थांबले. मिग्दालियाचे डोळे भरून आले. आणि मला प्रथमच कळले, की त्याच्या हातातला बाँगो खणखणीत आहे आणि माझ्यातला फाटका. दुसऱ्याचे कुसळ शोधत होतो, स्वतःचे मुसळ दिसलेच नव्हते.

"थांबा काका, शिडी आणते," मिग्दालिया म्हणाली.

"मी म्हणतच होतो, माणूस भला आहे!" दारातून चागो ओरडला.

पडदा चिकटला. कव्हरवर मिग्दालियाने पेनाने एलिसेओचे नाव लिहिले आणि माझा आवाज पहिल्यासारखा केला. खरी तक्रार कुणाची, ते अजून कळलेले नाही. मी समोरच्या खिडक्यांवर नजर ठेवून आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू खरखरू लागली, तर ती कुठे फाटली ते आधी पाहा. तिचे तिला कळत नाही. आणि मला उतरवायची वेळ आलीच, तर सकाळची रेकॉर्ड तेवढी संपू द्या. समोर एक म्हातारा उभा असतो.